मिठागरावरची सुपारी

कंदील जरा बारीक कर रे आनंद. एवढाही नको, तुझं तोंड मला दिसायला हवं. घाबरलास की ते कसं होतं, बघायचंय मला. आणि सरोज, तू दाराला टेकून बसू नकोस. काही नाही गं, गार वारा येतो तिकडून. एवढंच.

ही गोष्ट धाकू साळगावकराची. माझ्या चांगल्या ओळखीचा माणूस. खोटं वाटलं तर उद्या त्याच्याकडे जा आणि विचार. सगळं जसंच्या तसं सांगेल, वर तुझ्याकडून विडी मागून घेईल.

साल त्रेपन्न. पौष वद्य त्रयोदशी, मंगळवार, भोगीची रात्र. लिहून घे आनंद, तू मॅट्रिकला बसलेला माणूस. नंतर म्हणशील, नाना, पुरावा काय? मी चौथीतून पळालेलो, पण तिथी कधी चुकलेलो नाही.

तर त्या भोगीच्या दुपारी धाकू ठाण्याच्या बाजारात ज्येष्ठमध आणायला गेला होता. ठाण्याला त्या थंडीत कला महोत्सव भरलेला. गाणं, नाच, कीर्तन, पोवाडे, नाटुकली, सगळं एका मांडवात, आणि शेवट संक्रांतीच्या रात्री. त्यात धाकूचं काम काय? एक कार्यक्रम संपून दुसरा लागेपर्यंत पडद्यापुढे उभं राहायचं आणि लोकांना घरी जाऊ द्यायचं नाही. बुवांचा तंबोरा जुळेना, की धाकू. नाचणारणीचे चाळ तुटले, की धाकू. शाहीर चहाला गेले ते आलेच नाहीत, की धाकू. बाकीचे कलावंत एकेक रात्र येऊन हार घालून घेऊन गेले. हा मात्र रोजचा. हार नाही, नारळ नाही. घसा असा बसलेला की करवंटीवर करवंटी घासावी. पाय सुजलेले. सकाळी उठला की आधी स्वतःचे गाल चोळायचा, कारण रात्रभर हसरं तोंड धरून ते दुखायचे.

आणि विनोदी माणसाचा भोग काय असतो, ऐका. दुकानात जाऊन तो म्हणाला, "ज्येष्ठमध द्या हो."

काष्ठौषधीवाला हसायला लागला.

"अहो, घसा खरंच गेलाय माझा."

तो पोट धरून हसला. आतून बायकोला हाक मारली, "अगं ये, धाकू आलाय, घसा गेल्याची नक्कल करतोय!"

झालं. ज्येष्ठमध चघळत धाकू मांडवात आला, तर महोत्सवाचे सेक्रेटरी श्रीपादराव वाटच बघत होते. वकील माणूस. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोलणं इस्त्री केलेलं.

"धाकूशेठ, उद्या तुम्ही विश्रांती घ्या."

"का हो? कोणी मेलं?"

"उद्या समारोप आहे. पाहुणे फार मोठे आहेत. तुम्ही काय, कोणाचीही नक्कल करता. परवा माझीच केलीत."

"तुमची कुठे? चष्मा घसरणाऱ्या सगळ्यांची होती ती."

श्रीपादरावांचा चष्मा नेमका तेव्हाच घसरला. ढोलकीवाला दौलत तोंड फिरवून खोकायला लागला.

"उद्या मधल्या वेळेत सनई वाजेल," श्रीपादराव म्हणाले. "ठरलंय."

"सनई लग्नात बरी, साहेब. तिथून लोकांना पळता येत नाही."

पण श्रीपादराव निघून गेले होते. दौलत म्हणाला, "जाऊ दे रे. एक रात्र झोप काढ."

"हो हो," धाकू म्हणाला. "बरंच झालं."

बरं कसलं झालं! त्याला कळत होतं. पडद्यापुढची जागा एकदा सनईला गेली की ती परत माणसाला मिळत नाही. पुढच्या वर्षी कोणी विचारणार नाही, त्याच्या पुढच्या वर्षी आठवणारही नाही. आणि धाकूला दुसरं काही येत नव्हतं. सुतारकाम करायला गेला तर पाट बसायच्या ऐवजी नाचायचा.

त्या रात्री त्यानं काम केलं, लोक हसले, मांडव रिकामा झाला. धाकू कोलशेतला निघाला. तिथे त्याची सासुरवाडी. मूळचा तो मालवणकडचा, फडाबरोबर गावोगाव भटकलेला, आणि नुकताच सखुबाईच्या माहेरी येऊन राहिलेला. घरजावई म्हण ना सरळ! हसतेस काय सरोज, तुझा बापही त्याच वाटेवर होता.

कोलशेतचा रस्ता तुम्ही पाहिलाय. माजिवडा सोडला की शेतं, मग ढोकाळी, मग खाडीचा वास. धाकू रोज सरळ रस्त्यानं जायचा. त्या रात्री डोकं तापलेलं. म्हणाला, मिठागराच्या बांधावरून जाऊ, गार वारा लागेल. चंद्र नव्हताच. नुसत्या चांदण्या. दोन्ही बाजूंना खारं पाणी कोंडलेले चौकोनी वाफे आणि मधून हातभर रुंद बांध.

तो मोठ्यानं श्रीपादरावांशी भांडत चालला होता. श्रीपादरावांचं उत्तर तोच द्यायचा, त्यांच्याच आवाजात.

आणि कोणीतरी म्हणालं, "खेळ करतोस का रे तू?"

बांधाच्या कडेला म्हातारा बसलेला. डोक्याला फडकं. धाकूला वाटलं, मिठागराचा राखण्या.

"करतो म्हणजे? करतच होतो. आता सनई करते."

"उद्या मोकळा हायस?"

"उद्या? उद्या मी एकदम मोकळा. वकिलांनी मोकळा केलाय."

म्हाताऱ्यानं हात पुढे केला. हातावर सुपारी.

आता हे नीट ऐका. सोंगाड्याच्या धंद्यात सुपारी म्हणजे शब्द. खेळ ठरला की गाव हातावर सुपारी ठेवतं. ती खायची नसते. रुमालाच्या गाठीत बांधायची, घरी देवापुढे ठेवायची, आणि खेळ झाला की फोडून सगळ्यांनी मिळून खायची. मधे काही अडलं, आजारपण आलं, कोणी वारलं, तर ती परत करता येते. पाया पडून परत द्यायची, कोणी राग धरत नाही. पण एकदा दात लावलास की संपलं. मग मढं उठो नाहीतर घर जळो, खेळ करायचा.

धाकूला हे माहीत नव्हतं? त्याच्या बापजाद्यांपासून माहीत. पण राग, बाबांनो, राग. 'बघा श्रीपादराव, मला सुपारी आली,' असं म्हणत त्यानं ती तोंडात टाकली. कडाकड चावली. गिळली.

खारट लागली. चुळकाभर समुद्र प्यावा तशी.

"खेळ कुठे करायचा?" त्यानं विचारलं.

"हितंच."

"मांडव?"

"नको."

"माणसं?"

"हायत."

"आणि दिवाबत्ती तरी..."

म्हाताऱ्यानं वर चांदण्यांकडे बोट केलं. थोड्या वेळानं म्हणाला, "हसवलंस तर जाशील घरी. नाय तर... आमच्यात बस."

धाकू हसला. कोणी धमकी दिली की तो हसायचाच, सवय होती. हसता हसता त्यानं खाली पाहिलं. म्हातारा बांधावर बसलेला नव्हता. बांधाच्या पलीकडे होता. वाफ्यात. पाण्यावर मांडी घालून.

पाणी हलत नव्हतं.

चांदण्या त्यात होत्या. जशाच्या तशा. म्हाताऱ्याच्या खालीसुद्धा.

...

पायाला लागलं ते माझी काठी आहे आनंद. बस खाली.

धाकू पळाला की नाही मला विचारू नका. तो म्हणतो चाललो. सखुबाई म्हणते, दार तोडून आत आला.

सकाळी संक्रांत. सखुबाई तिळाचा पाक बघत बसली होती. यानं चुलीपुढे बसून सगळं सांगितलं. तिचा हात थांबला. पाक करपला.

"कुठल्या बांधाला?"

"तो खाडीकडचा. मोडका."

"देवा... तुना माहीत नाय. तू तवा इथं नव्हतास."

मग तिनं सांगितलं. ती लहान होती तेव्हाची गोष्ट. मिठागरावरच्या माणसांनी एका सोंगाड्याला सुपारी दिली होती. सगळे जमले, पोरंबाळं, म्हातारे, बायका, बांधाला पाठ लावून बसले. सोंगाड्याला दुसरीकडे बडं बोलावणं आलं. तो तिकडे गेला. निरोप नाही, सुपारी परत नाही. माणसं बसून राहिली. येईल, आता येईल. रात्री उधाण आलं, बांध फुटला.

"बसल्या जागेवर गेली सगळी," सखुबाई म्हणाली. "कोन उठलासुदा नाय. जागा जाईल म्हणून."

धाकूनं हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदा, असं सखुबाई म्हणते.

"तू आज घरातून हलशील तर बघ," ती म्हणाली. "भगताला बोलावतंय मी. दोरा बांधू. मंग काय करतील ती?"

"म्हणजे दुसरा सोंगाड्या पण पळाला, असं होईल."

"होऊ दे!"

"नाही होऊ द्यायचं. सुपारी चावलीय मी." तो उठला. अंगावर सोंगाचा लाल अंगरखा चढवला. "पण एक सांगतो सखू. तिथे चिखलात बसून नाही करणार. ठाण्याला करणार. मांडवात. माझ्या जागेवर."

"तिकडं तुना काढलंय ना?"

"वकिलानं काढलंय. मी कुठे गेलोय?"

संध्याकाळी तो त्या मोडक्या बांधावर जाऊन उभा राहिला. एकटा. समोर नुसतं पाणी. कंबरेवर हात ठेवून, बसलेल्या घशानं ओरडला, "ओ मंडळी! खेळ तुमचा, जागा माझी! ठाण्याला या! उशीर केलात तर मागे बसावं लागेल, आणि पुढच्याचं पागोटं आडवं आलं तर माझ्याकडे तक्रार चालणार नाही!"

काही आवाज नाही.

"आणि तोंडं पुसून या!"

असा माणूस. मेलेल्यांनासुद्धा तोंड पुसायला सांगणारा.

मांडव गच्च भरला होता. पुढे पाहुणे, त्यांच्या बाजूला श्रीपादराव, हातात तिळगुळाचं तबक. पहिला कार्यक्रम झाला, पडदा पडला. सनईवाला आत फुंकर मारून बघतोय तोवर धाकू पडद्याच्या फटीतून बाहेर. मागून दौलतनं ढोलकीवर थाप टाकली. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मित्र होता, एवढंच.

"सेक्रेटरीसाहेबांनी आज मला विश्रांती दिली," धाकू म्हणाला. "घरी गेलो. तिथे बायको. म्हणून विश्रांती घ्यायला इथे आलो."

लोक हसत सुटले. श्रीपादराव अर्धे उठले.

"बसा साहेब, चष्मा पडेल."

पाहुणेच पहिले हसले. मग श्रीपादरावांना बसावंच लागलं. धाकूनं पाहुण्यांची टोपी नकलेला घेतली, भाषण घेतलं, त्यांच्या चिटणिसाची मान घेतली. मांडव हलत होता नुसता.

आणि मग मागून हसू थांबायला लागलं.

आधी शेवटची रांग. मग तिच्या पुढची. बायकांनी पदर आवळले. पुरुषांनी उपरणी गुंडाळली. कोणालाच कळेना का. गार पडलं होतं.

मांडवाच्या मागची बाजू उघडी होती. तिथे मोकळं पटांगण. गवत. एकच दिवा, लांब.

धाकूनं तिकडे पाहिलं.

आले होते.

रांगेनं बसलेले. पुरुष एकीकडे. बायका एकीकडे. पोरं मांडीवर. सगळे ओले. सगळे त्याच्याकडे बघत.

कोणी हसत नव्हतं.

धाकूनं एक विनोद टाकला. दोन टाकले. ठेवणीतला काढला. माणसं हसली, अर्धवट. मागे काही नाही.

घसा गेला.

उरलासुरला आवाज होता, तोही गेला. तोंड हलतंय, आवाज नाही. पुढचे हसले. त्यांना वाटलं, नक्कल. श्रीपादरावांनी पडद्याकडे खूण केली.

मागे पटांगणात, त्या ओल्यांच्या पुढच्या रांगेत मधोमध तो म्हातारा. डोक्याला फडकं. त्यानं हात उचलला. आपल्या शेजारची जमीन थोपटली.

हळू.

ये... बस...

धाकूचे गुडघे वाकले. तो म्हणतो, मी वाकवले नाहीत. वाकले. तो खाली बसला. तिथेच, पडद्यापुढे. मांडी घातली.

मांडवातल्या मागच्या रांगांनी माना उंचावल्या.

...

आणि मग, पोरांनो, त्याला राग आला. खरंच सांगतो. म्हणाला, वकिलानं उठवलं, हे बसवतात, माझं मी कधी ठरवणार?

त्यानं मान लांब केली. डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. खेळ अजून कसा सुरू होत नाही? डास मारला. शेजाऱ्याचा मारला. मांडीवरचं पोर कुजबुजलं, बाबा, मुतायला. गप, जागा जाईल! पोर मांडीवर चुळबुळलं. धाकूनं तोंड असं केलं की मांडीवर काय झालं ते मांडवाला कळलं. शेजारचा म्हातारा पेंगला, खांद्यावर पडला. याला हलवता येईना. पुढच्याचं पागोटं आडवं. आला, आला, सोंगाड्या आला! अर्धा उठला... नाही, कुत्रं होतं. परत बसला. पुन्हा मान लांब.

एक अक्षर नाही. नुसता वाट बघणारा माणूस.

त्यांचीच नक्कल. त्यांच्या त्या रात्रीची. त्यांच्या तोंडावर.

मांडवातली माणसं लोळायला लागली. कोण असं बसलेलं नाही कधी? श्रीपादरावांनी चष्मा काढून डोळे पुसले, वकिली गेली चुलीत. पण धाकू त्यांच्याकडे बघत नव्हता. तो मागे बघत होता. थेट.

शेवटी त्यानं हात उचलला. शेजारची फळी थोपटली. अगदी तसाच, हळू. म्हाताऱ्याकडे बघत. ये. बस. तूच ये.

म्हाताऱ्याचा हात थांबला.

...

...

भरतीचं पाणी चिखलात शिरताना बुडबुडे फुटतात, ऐकलंयत? आधी एक. मग दोन. मग सगळा चिखल बोलायला लागतो. तसा हसण्याचा आवाज. पटांगणातून. मांडवातल्या एकूणएक माणसानं ऐकला. पाहुण्यांनी वळून पाहिलं. श्रीपादरावांनी वळून पाहिलं.

कोणी नव्हतं. गवत होतं. दिवा होता.

आवाज अजून येत होता.

मग तो लांब लांब गेला, खाडीच्या बाजूला, आणि मांडवात ऊब आली. सनईवाला आत सनई उराशी धरून बसला होता. त्या रात्री सनई वाजलीच नाही. पाहुणे जाताना श्रीपादरावांना म्हणाले, पुढच्या वर्षी याला दोन वेळा उभा करा. श्रीपादराव धाकूच्या हातावर तिळगूळ ठेवत पुटपुटले, "गोड बोला हो आता तरी." धाकूला आवाजच नव्हता. त्यानं नुसता नाकावरचा चष्मा वर सरकवल्याची नक्कल केली.

ठाण्यात अजून तोच पडद्यापुढे उभा राहतो. बघून या.

हां. राहिलं एक.

सकाळी मांडव उतरवायला माणसं आली. त्यांनी दौलतला हाक मारली, दौलतनं धाकूला. पटांगणातल्या गवतावर पांढरे डाग पडले होते. रांगेनं. प्रत्येक डाग एका बसलेल्या माणसाएवढा. काही लहान, पोराएवढे. दौलतनं बोट लावून चाखलं. मीठ.

पुढच्या रांगेत मधोमध एक जागा मोकळी होती, म्हाताऱ्यानं थोपटलेली. दोन्ही बाजूंना मीठ, मधे हिरवं गवत.

दौलत म्हणाला, "चल इथून."

धाकू हसला. आवाज अजून फुटत नव्हता, तरी हसला. म्हणाला असावा, पुढची रांग? मानाची जागा? सोडतो काय! आणि दौलत नको नको म्हणत असताना गेला आणि त्या मोकळ्या जागेत मांडी घालून बसला. जागा त्याला बरोबर झाली. मापानं शिवल्यासारखी. त्यानं खाडीकडे बघून जीभ दाखवली, धोतर झटकलं आणि उठला.

धोतर कोरडं होतं. गवतही कोरडं होतं.

दौलतनं त्याच्या मागे बोट दाखवलं.

जिथे तो बसला होता, तिथे मीठ होतं.